आचार्य विनोबा भावे : धाम नदीकाठचे एक शास्त्राध्ययन

आपल्या समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. तेथील शेख फरीद बाबांच्या दर्ग्यास मुसलमान जातात तसे हिंदूही जातात, नवस बोलतात आणि फेडतात. टेकडीवर सापडणारे वाटोळे खडे म्हणजे बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल होय, ही आख्यायिका इकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शेजारधर्म आपल्याकडे असा जुना आहे. आपण एकमेकांच्या देवस्थानी जातो, सणावारी एकमेकांकडे फराळ धाडतो. मात्र शेजाऱ्याचा धर्मग्रंथ उघडून वाचावा आणि तो समजत नसेल तर त्याची भाषा शिकावी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ज्याच्या मनात ते आले आणि ज्याने ते आयुष्यभर केले, असा एक पुरुष आपल्याच वर्धा जिल्ह्यात राहून गेला. ज्युबिलीच्या ह्या पुस्तकात एका हिंदू आचार्याचे चरित्र का, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर हेच होय.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे ह्या लहानशा गावी झाला. पाळण्यातील नाव विनायक. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीस असल्यामुळे पुढे सारे कुटुंब तिकडे गेले. मुलाने फ्रेंच शिकावे अशी वडिलांची इच्छा. ब्राह्मणाच्या मुलास संस्कृत यावयासच पाहिजे असे आईचे म्हणणे. मुलाने शाळेत फ्रेंच घेतली आणि संस्कृत घरी शिकून घेतले. पुढे पुष्कळ भाषा त्यांस अवगत झाल्या, त्यांचा प्रारंभ हा असा एकाच वेळी दोघांची आज्ञा पाळण्यातून झाला.

आई रुक्मिणीबाई फारशी शिकलेली नव्हती, परंतु विनोबांच्या साऱ्या विद्येचे मूळ तिच्यापाशी आहे. एकदा ती गीतेवरील प्रवचनास जाऊ लागली. संस्कृत समजेना म्हणून तिने मुलाकडे मराठी गीता मागितली. त्याने गद्य भाषांतर आणून दिले. तिला पद्य हवे होते. त्याने वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही तिला कठीण वाटली. तेव्हा तूच का करीत नाहीस, अशा अर्थाचे काही तरी ती सहज बोलून गेली. मुलाचे वय त्या वेळी असे होते की आईचे बोलणे हसण्यावारी न्यावे. त्याने ते तसे नेले नाही.

इ. स. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून ते मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेस उतरले आणि काशीची वाट धरली. त्यापूर्वीच शाळेची प्रशस्तिपत्रके त्यांनी आईच्या चुलीत जाळून टाकिली होती. काशीस असताना हिंदु विश्वविद्यालयाच्या समारंभातील महात्मा गांधींच्या भाषणाची हकीकत त्यांच्या वाचनात आली. पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादेजवळच्या कोचरब येथील आश्रमात दाखल झाले. पुढील वर्षी रजा घेऊन ते वाईस गेले व तेथे नारायणशास्त्री मराठे ह्यांच्या चरणांशी बसून उपनिषदे व ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य शिकले. एका वर्षाची रजा मागितली होती. वर्ष पुरे झाले त्या दिवशी ते आश्रमात परत हजर होते.

ऑक्टोबर १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीने आई गेली. अंत्यविधी भाडोत्री भटजींच्या हातून व्हावयाचा असेल तर आपण त्यात भाग घेणार नाही, असे विनोबांनी सांगितले. वडिलांस ते रुचले नाही. घरची मंडळी स्मशानात गेली, आणि हा मुलगा स्नान करून वेद वाचीत बसला. पुष्कळांस हे कठोर वाटेल. प्रस्तुत लेखकासही वाटते.

शेठ जमनालाल बजाज ह्यांच्या आग्रहावरून ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास आले, आणि आपल्या जिल्ह्याचा व त्यांचा संबंध जडला तो कायमचा. नागपूरचा झेंडा सत्याग्रह झाला, तुरुंगवास झाला, महाराष्ट्रधर्म हे मासिक निघाले, सूत व चरखा तर नित्याचाच. ह्या सर्व धामधुमीत आईचे मागणे मनात तसेच होते. ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी लेखणी हाती घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी गीतेचे सातशे श्लोक सोप्या मराठीत उतरून झाले. ग्रंथास नाव दिले गीताई. ज्या आईसाठी हे काम करावयाचे होते ती जाऊन बारा वर्षे लोटली होती.

येथे फादर स्टीफन्स ह्यांची आठवण होणे साहजिक आहे. विलायतेत जन्मलेल्या ह्या येशूसंघीय धर्मगुरूने गोव्यातील नवख्रिस्ती लोकांच्या मागणीवरून पवित्र शास्त्रातील सारी कथा मराठी ओवीत रचिली आणि ते क्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. तेथे पंडितांची भाषा लॅटिन होती, येथे संस्कृत; मागणारी माणसे दोन्हीकडे सारखीच साधी होती.

पुढे धुळ्याच्या तुरुंगात १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने विनोबांनी गीतेवर दिली. ऐकणाऱ्यांत राजबंदी होते तसे साधे कैदीही होते. साने गुरुजी त्याच तुरुंगात असल्यामुळे त्यांनी ती जलदीने उतरून घेतली, म्हणून ती आज आपल्या हाती आहेत.

७ मार्च १९३८ रोजी प्रकृती पार ढासळलेल्या स्थितीत विनोबा पवनारास आले. वर्ध्याहून नागपूरच्या सडकेने जाताना धाम नदीचा पूल लागतो, त्या नदीच्या काठी उंचवट्यावर जमनालालजींचा बंगला होता. पूल ओलांडताना त्यांनी सारे व्याप मनाने सोडून दिले. धामेच्या पलीकडचे म्हणून त्या जागेस परंधाम हे नाव मिळाले. शक्ती यावी म्हणून रोज थोडे थोडे खणण्याचा परिपाठ त्यांनी ठेविला, तो जमिनीतून जुनी शिल्पे निघू लागली. पवनार ही वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असावी असे अनेक इतिहासज्ञ मानतात, त्यामुळे यात नवल नाही. पण निघालेल्या पाषाणांपैकी एकावर भरत व राम ह्यांची भेट कोरलेली होती. धुळ्याच्या प्रवचनात ह्याच भेटीच्या चित्राची कल्पना त्यांनी मांडिली होती. ती शिळा पुढे आश्रमात स्थापन झाली.

ह्याच काळात त्यांनी कुराण हाती घेतले. प्रथम इंग्रजी भाषांतरे वाचली. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा चाळिशी उलटल्यावर ते अरबी शिकू लागले. एकेक अक्षर हाताने गिरवून पाठ करावे, उच्चार शुद्ध यावा म्हणून पुन्हापुन्हा म्हणावे, असा क्रम चालला. डोळे आधीच अधू, त्यांवर ताण पडला. मनुष्य ज्या शब्दांनी देवाची प्रार्थना करितो ते शब्द त्याच्याच उच्चारात आपल्या तोंडून निघाल्यावाचून त्याचे अंतःकरण कळत नाही, अशी त्यांची धारणा होती. भाषांतरावर भागवून घेणाऱ्या आपणांसारख्यांस हा अट्टाहास वाटतो. आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, अर्थ न कळताही ती तोंडपाठ होती, असे सांगणारी वडील माणसे ज्यांच्या घरी आहेत त्यांस मात्र विनोबांचे म्हणणे चटकन समजेल.

ऑक्टोबर १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी त्यांस पहिला सत्याग्रही म्हणून निवडिले, तेव्हा देशास त्यांचे नाव प्रथम कळले. १९४२ च्या चळवळीनंतर ते वेल्लोरच्या तुरुंगात होते. तेथे तमिळ, तेलुगु, कानडी व मल्याळम ह्या चारही भाषा त्यांनी एकदमच शिकावयास घेतल्या. गांधीजींच्या मृत्यूनंतर १२ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांच्या अस्थींचा एक भाग पवनारास धामेत विसर्जित झाला. त्या दिवशीची यात्रा आपल्या परिचयाची आहे.

मार्च १९५१ मध्ये हैदराबादेजवळील शिवरामपल्लीच्या संमेलनास ते येथून पायीच गेले. १८ एप्रिल रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी हरिजनांनी जमीन मागितली, ऐंशी एकर. विनोबांनी गावकऱ्यांसच विचारिले, आणि रामचंद्र रेड्डी उठून शंभर एकर द्यावयास तयार झाले. तेथून भूदान सुरू झाले. त्याचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे, म्हणून लांबवीत नाही. तेरा वर्षे सारा देश पायी हिंडून ते एप्रिल १९६४ मध्ये पवनारास परतले. दानपत्रांवर चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन मिळाली. तीपैकी पुष्कळ खडकाळ वा तंट्यातील निघाली, आणि भूमिहीनांच्या हाती निम्म्याहूनही कमी पडली. हे झाकून ठेवण्यात त्यांचा गौरव नाही.

परंतु ह्या पदयात्रेतील एक गोष्ट भूदानाइकी बोलली जात नाही, आणि आपणांस तीच अधिक जवळची आहे. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारात वैद्यनाथधाम येथे, मंदिर हरिजनांस खुले आहे असे कळल्यावरून ते हरिजन सोबत्यांसह दर्शनास निघाले. पंड्यांनी मारहाण केली. सोबत्यांनी भोवती कडे करून बहुतेक तडाखे आपल्या अंगावर घेतले, तरी एक तडाखा विनोबांच्या डाव्या कानावर बसला, आणि त्या कानाचे ऐकणे गेले. मारणाऱ्यांस शिक्षा होऊ नये एवढेच त्यांनी मागितले. मार्च १९५५ मध्ये जगन्नाथपुरीस त्यांच्या समवेत एक फ्रेंच बाई होत्या. त्यांस आत सोडण्यास नकार मिळाला, तेव्हा विनोबाही पायरीवरून परत फिरले. १९५७ साली केरळात गुरुवायूर येथे तोच प्रसंग. विनोबांस आत बोलावणे होते, सोबतच्या ख्रिस्ती मंडळींस नव्हते. ते गेले नाहीत.

ह्या गोष्टीचा विचार केला पाहिजे. ज्याने जन्मभर वेद व उपनिषदे जपली, ज्याचे डोळे मूर्तीपुढे भरून येत, त्याला जगन्नाथाचे दर्शन नको होते काय? हवे होते. पण आपल्याबरोबर चालणारा ख्रिस्ती मनुष्य दाराबाहेर उभा ठेवून मिळणारे दर्शन त्याने नाकारिले. त्याच केरळात निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या धुरीणांनी भूदानाच्या कार्यास आपला पाठिंबा दिला.

मग १९५८ चा मे महिना आला. पंढरपुरास सर्वोदय संमेलन भरावयाचे होते. अकरा वर्षांपूर्वी ह्याच मंदिराची दारे हरिजनांस उघडावीत म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले होते. आता विनोबांबरोबर एक मुसलमान मुलगी होती व एक जर्मन ख्रिस्ती बाई होती. मंदिराच्या चालकांनी आपण होऊन सर्वांस आमंत्रण दिले. विठ्ठलाच्या पायांशी उभे राहून विनोबांच्या डोळ्यांस धारा लागल्या, आणि त्यांच्या शेजारी ती ख्रिस्ती बाई उभी होती. वैद्यनाथास दुखावलेल्या कानाचा मोबदला कशात मोजावयाचा असेल तर तो ह्या घटकेत मोजावा.

ह्या प्रवासातच ग्रंथांचे काम चालू होते. पहाटे तीनच्या सुमारास उठावे, कंदिलाच्या उजेडात वाचावे, उजाडण्यापूर्वी चालू लागावे. १९६२ साली कुराणातील निवडक आयतांचा कुराण-सार हा ग्रंथ निघाला. त्या सप्टेंबरात ते पूर्व पाकिस्तानातून सोळा दिवस पायी गेले. पुस्तक पाहण्याआधीच तिकडील एका वर्तमानपत्राने कुराणात निवडानिवड करणारा हा कोण, असा काहूर माजविला होता. पुस्तक हाती आल्यावर मुसलमान वाचकांतूनच त्याची वाखाणणी झाली. बौद्धांच्या धम्मपदातील गाथा त्यांनी नव्या क्रमाने लाविल्या. शिखांच्या जपुजीवर विवरण केले. जैनांचे पंथ अनेक आणि सर्वांस मान्य असा एक ग्रंथ नाही, म्हणून त्यांनी आग्रह धरिला, आणि महावीरांच्या निर्वाणास अडीच हजार वर्षे झाली त्या निमित्ताने १९७४ साली सर्व पंथांच्या मुनींनी व पंडितांनी एकत्र बसून समणसुत्तं हा ७५६ गाथांचा ग्रंथ मान्य केला.

नव्या करारातील निवडक वचनांचा ख्रिस्तधर्म-सार हा त्यांचा ग्रंथ ह्याच मालिकेतील होय. प्रभू येशू ख्रिस्ताच्या उपदेशावर त्यांचे प्रेम होते, आणि शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा ही त्यांच्या दृष्टीने व्यवहारात उतरवावयाची गोष्ट होती. त्याच सुमारास आपल्या ख्रिस्तसभेतही नवे वारे वाहू लागले होते. डिसेंबर १९६४ मध्ये परमगुरुस्वामी सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हा इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना उच्चारिली. आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही असे जाहीर केले. विनोबांच्या पायी चालण्याचे आकर्षण कॅथलिकांपैकीही काहींस होते. इटलीचे लांझा देल वास्तो हे श्रद्धावंत कॅथलिक, गांधीजींचे शिष्य. ते भूदानयात्रेत विनोबांबरोबर चालले आणि १९५४ साली त्यांनी त्यांवर फ्रेंच भाषेत ग्रंथ लिहिला.

तथापि मतभेद आहे तो सांगितला पाहिजे. ग्रंथाचे सार काढता येते. ज्या शब्दाने देह धारण केला त्याचे सार काढता येत नाही. ख्रिस्त आपणांस केवळ उपदेशक नव्हे, आणि शुभवर्तमान हे सुवचनांचे भांडार नव्हे. गव्हाणीपासून क्रुसापर्यंत व रिकाम्या कबरेपर्यंत ती एक घडलेली गोष्ट आहे, आणि तीत निवड करू म्हटले तर काय वगळावे, हा प्रश्न श्रद्धावंतास सुटत नाही. कुराणाविषयी मुसलमानास हेच वाटत असणार. विनोबांस धर्मांतरही मान्य नव्हते. हे सर्व खरे असूनही, आपले पवित्र शास्त्र परधर्मीयाने इतक्या आदराने वाचावे आणि आपल्यापैकी किती जणांच्या घरी ते वर्षात एकदा तरी उघडले जाते हे मोजावे, म्हणजे वादाची उमेद कमी होते.

उत्तरायुष्यात ते पवनार सोडून कोठे गेले नाहीत. ७ ऑक्टोबर १९७० पासून त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. २५ डिसेंबर १९७४, नाताळचा दिवस, ह्या दिवसापासून त्यांनी एक वर्षाचे मौन धरिले. मध्यंतरी देशात आणीबाणी आली. मौनातच त्यांनी महाभारतातील अनुशासनपर्वाच्या नावाकडे बोट दाखविले, आणि सरकारने ते आपल्या धोरणाचे समर्थन म्हणून भिंतीभिंतींवर रंगविले. अनुशासन आचार्यांचे असते, राजाचे ते शासन, असा खुलासा त्यांनी मौन संपल्यावर केला. त्या वेळी जयप्रकाश नारायणांसारखे त्यांचे जुने सहकारी तुरुंगवास भोगून आजारी झाले होते. भाषा इतक्या जाणणाऱ्या ह्या पुरुषाच्या एका शब्दाचा असा दुरुपयोग व्हावा आणि खुलाशास सहा महिने लागावेत, ह्याचे वाईट अनेकांस वाटले व अजून वाटते.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे बंद केले आणि १५ तारखेस, दिवाळीत, प्राण सोडिला. अशा मरणाविषयी आपल्या धर्माची शिकवण निराळी आहे. आयुष्य देणाऱ्याच्या हाती आयुष्याचा शेवट आहे असे आपण मानतो. त्यांच्यापुरते पाहता, तेही ते त्याच्याच हाती सोपवीत होते अशी त्यांची समजूत होती. धामेच्या काठी त्यांचे दहन झाले. पुढील वर्षी त्यांस मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

त्यांनी १९५९ साली स्त्रियांसाठी स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर पवनारास आहे. तेथील भगिनी शेती व सफाईपासून छपाईपर्यंत सर्व कामे स्वतःच्या हातांनी करीत आल्या. विनोबांनी रचिलेली एक लहानशी नाममाला अनेक सर्वोदयी संस्थांच्या प्रार्थनेत म्हटली जाते. तीत ईश्वरास नारायण, बुद्ध, अहुरमज्द, रहीम, ताओ अशा नावांनी हाक आहे, आणि त्यांतच येशूचा पिता ह्या नावानेही आहे.